गर्दीच्या वेळीच लॉग गायब होतात: गळती नेमकी कुठे आहे ते कसं शोधायचं

समस्या अशी. वेब ॲप क्लाउडवर, कुबरनेटीसमध्ये (अनेक मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेत) चालतं. प्रत्येक नोडवर, म्हणजे त्यातल्या प्रत्येक मशीनवर, फ्लुएंट बिट (लॉग गोळा करणारा एजंट) बसवलेलं आहे. ते कंटेनरच्या लॉग फाइल, म्हणजे ॲपने छापलेल्या नोंदी, वाचून इलास्टिकसर्च या साठवणीकडे पाठवतं आणि आपण किबाना या तिच्या शोधपडद्यावर शोधतो. एरवी सगळं सुरळीत असतं. पण ज्या दिवशी ॲप कोलमडतं, त्या दिवशी नेमक्या त्याच मिनिटांच्या ओळी सापडत नाहीत. एजंट रीस्टार्ट केला की ओळी पुन्हा यायला लागतात. दोन-तीन आठवडे जातात आणि पुन्हा तेच.

आमच्याकडे हे चार वेळा झालं. चौथ्या वेळी रात्री सव्वादोनच्या सुमारास डेटाबेसची कनेक्शनं संपली, विनंत्या रांगेत अडकल्या आणि बारा मिनिटं ॲप आडवं पडलं. सकाळी किबाना उघडलं तर ०२:१४ पर्यंतच्या ओळी होत्या आणि त्यानंतर थेट ०२:२१ च्या. ज्या सात मिनिटांत उत्तर दडलेलं होतं, तीच सात मिनिटं कोरी. एजंटच्या पॉडची (कुबरनेटीस ज्यात कंटेनर चालवतं त्या एककाची) स्थिती मात्र रात्रभर ‘रनिंग’ होती.

आधीच्या तिन्ही वेळी आम्ही एजंट रीस्टार्ट करून तिकीट बंद केलं होतं. ती चूक होती, आणि ती का चूक होती हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. रीस्टार्टनंतर ओळी येतात, कारण तोपर्यंत गर्दी ओसरलेली असते. शिवाय कुठल्या फाइलमध्ये कुठपर्यंत वाचलं याची नोंद एजंटने डिस्कवर ठेवलेली नसेल, तर फ्लुएंट बिट उठल्यावर फाइलच्या शेपटीपासून वाचायला लागतं. फाइल सुरुवातीपासून वाचण्याची सेटिंग मुळात बंद असते. म्हणजे थोडंफार वाचायचं राहिलं असेल तेही रीस्टार्टने जातं, आणि कशामुळे अडलं होतं हे सांगणारी एजंटची स्थितीही पुसली जाते. तेव्हा हात शिवशिवले तरी आधी रीस्टार्ट करू नका.

आधी मोजा

लॉगची एक ओळ ॲपमधून निघून शोधपेटीत दिसेपर्यंत पाच-सहा हातांतून जाते: ॲपचा स्वतःचा बफर (तात्पुरती साठवण), कंटेनर रनटाइम (कंटेनर चालवणारा प्रोग्राम), नोडवरची फाइल, एजंट, नेटवर्क, साठवण. गळती यातल्या कुठल्याही सांध्यावर असू शकते, आणि बाहेरून सगळ्या गळत्या सारख्याच दिसतात. म्हणून अंदाजाने सेटिंग बदलत बसण्यापेक्षा क्रमांक घातलेल्या ओळी सोडून बघणं हा एकच खात्रीचा मार्ग मला सापडला आहे.

एक छोटा पॉड बनवा. त्याचं काम एवढंच, की ठरलेल्या वेगाने ओळी छापायच्या. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: या चाचणीचं नाव, चढता क्रमांक आणि छापल्याची वेळ. ओळीची लांबी तुमच्या नेहमीच्या ओळीएवढी ठेवा, उरलेली जागा अक्षरं भरून काढा. आधी सेकंदाला १०० ओळी, दहा मिनिटं. ६०,००० ओळी निघाल्या पाहिजेत आणि इलास्टिकसर्चमध्ये तेवढ्याच मोजल्या गेल्या पाहिजेत. मग सेकंदाला १,००० आणि मग ५,०००. तुमच्या खऱ्या बिघाडाच्या वेळी जितका मारा होतो, तिथपर्यंत वेग चढवत न्या. बिघाडात ॲप एरवीच्या कैक पट बडबडतं, कारण प्रत्येक फसलेल्या विनंतीमागे लांबलचक स्टॅक ट्रेस (चूक कोडमध्ये कुठून कुठे आली त्याची यादी) छापला जातो. साध्या वेगाची चाचणी पास झाली म्हणून थांबू नका.

आता फक्त किती ओळी पोचल्या हे बघू नका. कुठले क्रमांक गळाले ते काढा. खड्ड्याचा आकार बराचसा निकाल देतो. सलग हजारो क्रमांक नसतील तर फाइल फिरवताना (भरलेली बाजूला ठेवून नवी सुरू करताना) किंवा एजंट थांबला असताना त्या गेल्या. सुटे सुटे, मधूनच एखादे क्रमांक नसतील तर साठवणीने त्या ओळी नाकारल्या. फक्त शेवटचे क्रमांक नसतील तर प्रोसेस मरताना बफरमधलं पाणी सांडलं. सगळे क्रमांक आहेत पण भलत्याच वेळेखाली आहेत, तर घड्याळाचा किंवा वेळेच्या रचनेचा घोळ आहे.

आमच्या चाचणीत सेकंदाला १०० आणि १,००० या दोन्ही वेगांना एकही ओळ गळाली नाही. ५,००० च्या वेगाला ३०,००,००० पैकी साधारण २३,६०,००० पोचल्या. क्रमांक तपासले तर १७ खड्डे होते, प्रत्येक खड्डा सलग आणि साधारण सदतीस-अडतीस हजारांचा. हा आकडा बघितल्यावर फार शोधावं लागलं नाही.

सलग खड्डे: फाइल फिरते आणि एजंट मागे राहतो

हिशोब करून बघा. ३०० बाइटची ओळ, सेकंदाला ५,०००, म्हणजे सेकंदाला दीड एमबी. क्यूबलेट (प्रत्येक नोडवरचा कुबरनेटीसचा कारभारी) कंटेनरची लॉग फाइल मूळ सेटिंगनुसार १० एमबीला फिरवतो आणि अशा पाचच फाइल ठेवतो. फाइल मोठी झाली का हे तो दर १० सेकंदांनी तपासतो. म्हणजे या वेगाला दर १० सेकंदांनी एक फाइल बाजूला जाते आणि तिच्यात साधारण ५०,००० ओळी असतात. खड्डा त्याहून थोडा लहान, म्हणजे प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा भाग वाचला गेला आणि उरलेला राहिला.

का राहिला? फ्लुएंट बिटला आम्ही मेमरीची मर्यादा ५ एमबी दिली होती, कुठल्याशा नमुना कॉन्फिगमधून जशीच्या तशी उचललेली. म्हणजे तीन-साडेतीन सेकंदांचा माल. पलीकडे इलास्टिकसर्च जरा सावकाश झालं की ही मर्यादा भरते आणि एजंट वाचणं थांबवतो. त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये तेव्हा ‘पॉज्ड, मेम बफ ओव्हरलिमिट’ अशा अर्थाची इशारावजा ओळ येते. आमच्याकडे ती रात्रभर येत होती, पण तिकडे कुणी बघत नव्हतं. थांबणं हे एरवी सुरक्षितच असतं, कारण ओळी फाइलमध्ये पडून असतात. पण तेवढ्यात फाइल फिरली, तर फिरवलेल्या फाइलवर एजंट मूळ सेटिंगनुसार फक्त ५ सेकंद नजर ठेवतो आणि मग ती सोडून देतो. कंटेनर लॉगच्या फोल्डरमधली लिंक तोवर नव्या फाइलकडे वळलेली असते, त्यामुळे जुनी फाइल त्याला पुन्हा सापडत नाही. ओळी नोडवर अजून असतात, पण त्यांना वाली उरत नाही. थोड्या वेळाने क्यूबलेट ती फाइल आवळून ठेवतो आणि पुढे पुसून टाकतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. क्यूबसीटीएलने (कुबरनेटीसच्या कमांडने) लॉग बघायला गेलात तर तो फक्त सध्याची फाइल दाखवतो. आम्ही पहिल्या वेळी त्यावरून ‘ॲपनेच काही छापलं नसेल’ असा निष्कर्ष काढला होता, तो साफ चुकीचा होता. फिरवलेल्या फाइल बघायच्या तर थेट नोडवर, पॉड लॉगच्या फोल्डरमध्ये जावं लागतं.

दुरुस्ती चार ठिकाणी केली. एक, एजंटचा बफर मेमरीऐवजी डिस्कवर नेला. फ्लुएंट बिटमध्ये इनपुटच्या साठवणीचा प्रकार ‘फाइलसिस्टम’ करायचा आणि बफरचं फोल्डर नोडच्या डिस्कवर जोडायचं. पॉडच्या आतल्या डिस्कवर ठेवलं तर पॉडसोबत तेही जातं. याला आउटपुटच्या बाजूने एकूण आकाराची मर्यादा घालाच, नाहीतर साठवण दोन तास बंद पडली की नोडची डिस्क भरेल आणि लॉगपायी ॲप बंद पडेल. मर्यादा भरली की सगळ्यात जुना तुकडा टाकला जातो, तेव्हा किती तासांचा खंड सोसायचा आहे त्यावरून आकार ठरवा. दोन, कुठपर्यंत वाचलं याची नोंद ठेवणारी छोटी डेटाबेस फाइलही नोडच्याच डिस्कवर. तीन, क्यूबलेटची मर्यादा १० वरून ५० एमबी. चार, फिरवलेल्या फाइलवर नजर ठेवण्याची मुदत ५ वरून ३० सेकंद.

व्यवस्थापित (क्लाउड कंपनी सांभाळते असा) क्लस्टर असेल आणि क्यूबलेटची सेटिंग तुमच्या हातात नसेल, तर पहिल्या दोन दुरुस्त्यांनीही बराच फरक पडतो.

याला लागूनच आणखी एक. पाठवणं फसलं तर फ्लुएंट बिट मूळ सेटिंगनुसार एकदाच पुन्हा प्रयत्न करतं, आणि तोही फसला तर तो तुकडा टाकून देतं. मोठ्या बफरचा मग काही उपयोग नाही. प्रयत्नांची मर्यादा वाढवा. डिस्कवर आकाराची मर्यादा घातलेली असेल तर प्रयत्न अमर्याद ठेवायलाही हरकत नाही.

एका लांब ओळीमुळे अख्खी फाइल मुकी

हा प्रकार वेगळा लिहितो, कारण तो ओळखणं सगळ्यात अवघड जातं. फाइल वाचताना एका ओळीसाठी फ्लुएंट बिटचा बफर मुळात ३२ केबीचा असतो. त्याहून लांब ओळ आली तर मूळ वागणूक अशी, की ती फाइल वाचणंच सोडून द्यायचं. फक्त ती ओळ जात नाही, त्यानंतरचं त्या फाइलमधलं सगळं जातं. ॲप स्वतः एखाद्या फाइलमध्ये लॉग लिहीत असेल आणि एजंट ती थेट वाचत असेल, तर एखाद्या डेव्हलपरने तपासणीसाठी अख्खा रिस्पॉन्स छापला, किंवा कुठे चित्राचा बेस ६४ मजकूर लॉगमध्ये गेला, की त्या फाइलमधून ओळी यायच्या थांबतात. बाकीचे कंटेनर बोलत असतात, त्यामुळे संशय ॲपवर जातो. लांब ओळी वगळण्याची सेटिंग चालू करा आणि बफर वाढवा.

कंटेनर रनटाइममधून जाणारी लांब ओळ मात्र मूळ सेटिंगनुसार आधीच १६ केबीच्या तुकड्यांत मोडली जाते, हेही जमेस धरा. तुकड्यावर ‘अपूर्ण’ किंवा ‘पूर्ण’ अशी एका अक्षराची खूण असते. कंटेनरडी किंवा क्रायओ हे रनटाइम असतील तर फ्लुएंट बिटचा ‘सीआरआय’ हा बहुओळी पार्सर (तुकडे जोडून ओळ वाचणारा भाग) लावावा लागतो. तो नसेल तर मोठ्या जेसन (फील्डचं नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या) ओळीचे तुकडे तसेच पुढे जातात, एकही तुकडा वैध जेसन नसतो आणि आतली फील्ड शोधात येत नाहीत. ओळ हरवलेली नसते, पण सापडतही नाही.

सुटे खड्डे: साठवण ओळी नाकारते आणि तरी ‘ठीक’ म्हणते

चाचणीच्या ओळी सगळ्या पोचतात, पण खऱ्या ॲपच्या ओळी मधूनमधून गळतात, असं असेल तर इकडे बघा. इलास्टिकसर्चला ओळी घाऊक पाठवल्या जातात, आणि त्या घाऊक विनंतीचं उत्तर २००, म्हणजे ‘यशस्वी’, येतं, आतल्या निम्म्या ओळी नाकारल्या गेल्या तरी. खरी हकिगत उत्तराच्या आतल्या ‘एरर्स’ या फील्डमध्ये असते. फ्लुएंट बिटच्या इलास्टिकसर्च आउटपुटमध्ये ‘ट्रेस एरर’ चालू केलं की नाकारण्याचं कारण एजंटच्या लॉगमध्ये दिसतं. तपास चालू असेपर्यंत चालू ठेवा, मग बंद करा, कारण ते स्वतःच पुष्कळ बडबडतं.

बहुतेक वेळा कारण निघतं ते फील्डच्या प्रकारांची टक्कर. आमच्याकडे एक सर्व्हिस ‘यूजर’ या फील्डमध्ये नुसता क्रमांक लिहायची, दुसरी त्याच नावाखाली क्रमांक आणि भूमिका असलेला ऑब्जेक्ट. रोजचा इंडेक्स (इलास्टिकसर्चमधला ओळींचा साठा) वेगळा. नव्या इंडेक्समध्ये ज्या सर्व्हिसची ओळ पहिली पोचेल, तिचा प्रकार त्या दिवसापुरता कायम होतो आणि दुसरीच्या ओळी दिवसभर नाकारल्या जातात. म्हणून कुठल्या दिवशी पेमेंटचे लॉग दिसायचे, कुठल्या दिवशी नाही, आणि कोणी काही बदललेलंही नसायचं. इंडेक्स यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) मध्यरात्री बदलतो, त्यामुळे वेळ जुळवून बघितली तेव्हाच उलगडा झाला.

कुबरनेटीसच्या लेबलांतही हीच टक्कर होते. एका पॉडवर साधं ‘ॲप’ लेबल असतं, दुसऱ्यावर ‘ॲप’ने सुरू होणारं आणि मध्ये टिंबं असलेलं लांब लेबल. इलास्टिकसर्च टिंब म्हणजे आतला ऑब्जेक्ट समजतं, आणि एकाच नावाचा मजकूरही आणि ऑब्जेक्टही होऊ शकत नाही. आउटपुटमध्ये टिंबं बदलून टाकण्याची सेटिंग चालू केली की हा प्रश्न मिटतो.

कायमची दुरुस्ती म्हणजे इंडेक्स टेम्प्लेटमध्ये नेहमीच्या फील्डचे प्रकार आधीच ठरवून देणं आणि प्रत्येक सर्व्हिसचं खास काही असेल ते तिच्या स्वतःच्या नावाखाली ठेवणं. आलं ते फील्ड आपोआप घडू देऊ नका. एका इंडेक्समध्ये मुळात १,००० फील्डची मर्यादा असते, आणि कुणी ऑर्डर क्रमांकालाच फील्डचं नाव केलं तर ती बघता बघता भरते. मग नवं फील्ड आणणारी प्रत्येक ओळ नाकारली जाते. मर्यादा वाढवून हे सुटत नाही, लिहिणाऱ्या कोडलाच हात घालावा लागतो.

डिस्कही बघा. मूळ सेटिंगनुसार डेटा नोडची डिस्क ९५ टक्के भरली की इलास्टिकसर्च त्या नोडवरच्या इंडेक्सना लिहायला मनाई करतं. ७.४ आवृत्तीपासून जागा मोकळी झाली की ही मनाई आपोआप उठते, त्याआधीच्या आवृत्तीत हाताने उठवावी लागते. गजर ९५ ला नको, ८५ ला हवा.

दुसऱ्या साठवणीतही असंच गप्प नाकारणं चालतं. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच लॉग्जमध्ये घटना दोन तासांहून अधिक पुढच्या वेळेची असेल किंवा १४ दिवसांहून जुनी असेल, तर विनंती यशस्वी होते आणि त्या घटना मात्र गळतात. किती नाकारल्या हे उत्तराच्या आत लिहिलेलं असतं, ते तुमचा कोड वाचत असला तरच कळतं. लोकी (आणखी एक लॉग साठवण) मूळ सेटिंगनुसार १६८ तासांहून जुन्या ओळी घेत नाही. लांब खंडानंतर साठलेला बफर एकदम सोडलात तर हे आठवा.

वेळेचा घोळ याच घरातला. ॲप स्थानिक वेळ छापतं, पुढे वेळक्षेत्राची खूण नसते, आणि पार्सर ती यूटीसी समजतो. ओळी काही तास पुढे किंवा मागे जाऊन बसतात आणि ‘शेवटची १५ मिनिटं’ रिकामी दिसतात. खात्री करायची तर किबानात वेळेची खिडकी आधीचा आणि पुढचा पूर्ण दिवस अशी ताणा. ॲपने यूटीसीत, शेवटी खूण लावून वेळ छापायची, एवढा नियम पुरतो.

शेवटच्या ओळी जातात तेव्हा

प्रोसेस मेली आणि मरणाच्या आधीच्या ओळी नाहीत, तर एजंटला दोष देऊ नका. पायथनचं आउटपुट टर्मिनलकडे जात नसेल तर ते ओळीओळीने न जाता साधारण ८ केबीचा गठ्ठा साठवून जातं. मेमरी संपून कर्नलने प्रोसेस मारली, म्हणजे निर्गम क्रमांक १३७ आला, की तो गठ्ठा कुठेच लिहिला जात नाही. पायथनला विनाबफर चालवणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावा. दुसऱ्या भाषेत लॉगर वेगळ्या थ्रेडमधून लिहीत असेल तर बंद होताना तो रिकामा करण्याची पायरी कोडमध्ये आहे का ते तपासा. १३७ च्या वेळी तीही पायरी चालत नाही, म्हणून गंभीर त्रुटीची ओळ तरी लगेच लिहिली जाईल असं करा. मेलेल्या कंटेनरने काय छापलं होतं ते क्यूबसीटीएलच्या ‘प्रीव्हियस’ पर्यायाने बघता येतं. तिथेही ओळ नसेल तर ती ॲपमधून बाहेर पडलीच नव्हती.

कुबरनेटीस नसून साध्या व्हर्च्युअल मशीनवर असाल, तर दोन जागा आधी बघा. जर्नलडी (लिनक्समधली लॉग गोळा करणारी सेवा) मूळ सेटिंगनुसार एका सर्व्हिसकडून ३० सेकंदांत १०,००० ओळी घेतं (डिस्कवर मोकळी जागा भरपूर असेल तर मर्यादा काही पट वाढते), आणि पुढच्या टाकून ‘सप्रेस्ड’ अशी नोंद करतं. गर्दीच्या वेळीच गळती होण्याचं हे अगदी नेमकं कारण आहे. आणि डॉकरचा लॉग ड्रायव्हर कुणी ‘नॉन-ब्लॉकिंग’ केला असेल तर त्याचा बफर मुळात १ एमबीचा असतो, भरला की नव्या ओळी गळतात.

पुन्हा घडू नये म्हणून

एजंट जिवंत आहे का हा प्रश्न विचारून उपयोग नाही, चारही वेळा तो जिवंत होता. आम्ही चाचणीचा तोच पॉड प्रत्येक नोडवर कायमचा ठेवला, सेकंदाला एक ओळ या वेगाने. दर पाच मिनिटांनी साठवणीत प्रत्येक नोडच्या ३०० वेगवेगळ्या क्रमांकांच्या ओळी आहेत का हे मोजलं जातं, नसतील तर गजर. मोजणी दोन मिनिटं मागची खिडकी धरून करा, नाहीतर वाटेत असलेल्या ओळी हरवल्यासारख्या दिसतात. सोबत फ्लुएंट बिटचा मापन पोर्ट चालू केला, तो मुळात बंद असतो. टाकलेल्या ओळी आणि फसलेले पुनर्प्रयत्न हे दोन आकडे शून्याच्या वर गेले की सूचना येते. हे दोन्ही गजर लॉगच्या त्याच वाटेने पाठवू नका. वाट अडली की गजरही अडतो. आमच्याकडे ते मेट्रिक्सच्या वेगळ्या व्यवस्थेतून जातात.

दुरुस्तीनंतर ५,००० च्या वेगाची चाचणी पुन्हा लावली, आणि मधेच मुद्दाम चार मिनिटं इलास्टिकसर्चची वाट बंद ठेवली. एकही क्रमांक गळाला नाही. मोजणी मात्र ३०,००,४१२ आली, कारण पोचलेला एक तुकडा पोचपावती न मिळाल्यामुळे पुन्हा पाठवला गेला होता. ओळ हरवू द्यायची नसेल तर कधीतरी ती दोनदा येणारच. चुकांच्या संख्येवर तुमचे गजर चालत असतील तर फ्लुएंट बिटची ओळख-क्रमांक तयार करण्याची सेटिंग चालू करा आणि लिहिण्याचा प्रकार ‘क्रिएट’ ठेवा. मग तीच ओळ दुसऱ्यांदा आली की त्याच इंडेक्समध्ये पुन्हा बसत नाही.